व्हर्नाची पहिली उडी

सेकंदाला दोन फेरे. कॅमेऱ्याचा दांडा असा एकसारखा फिरवायचा, एवढंच माझं काम. समोर आग लागो नाहीतर माणूस मरो, हात थांबता कामा नये. थांबला की कॅमेरामन संपला.

व्हर्ना टिलटसन त्या दिवशी धावत्या घोड्यावरून मालगाडीवर उडी मारणार होती. आमच्या ग्लेंडेलच्या मूकपटांत तेव्हा नायिकेच्या उड्या पुरुष मारायचे, विग घालून. व्हर्नाला त्याची भयंकर चीड. "माझ्या झग्यात तो केसाळ पायांचा हँक? काही नको, मीच मारणार!" कंपनीने एकच संधी दिली होती. जमलं तर मालिकेचे पुढचे सगळे भाग तिचे, नाहीतर हँक होताच.

गाडी आली. घोडा डब्याला भिडला. व्हर्ना रिकिबीत उभी राहिली आणि मी गाढवाने डोळे मिटले. हातही थांबला. जीव होता हो माझा तिच्यावर! डोळे उघडले तर बाई डब्याच्या टपावर उभ्या राहून हात हलवतायत.

"मिळालं का रे, एमिल?" दिग्दर्शक हॅस्केल ओरडला.

"कुठलं मिळतंय! तिने पाठ फिरवली. चेहराच नाही आला. परत घ्यावं लागेल."

असं मी म्हणालो. मी!

व्हर्ना दमलेल्या घोड्यावर पुन्हा बसली. या वेळी तिचा हात निसटला आणि मांडीचं हाड मोडलं. पुढचे भाग हँकने केले.

बारा वर्षांनी ती मला एका स्टुडिओच्या कपडेपटात बटणं लावताना दिसली.

"ये रे, एमिल. माझंच चुकलं बघ तेव्हा. पाठ फिरवली नसती तर..."

मला राहवेना. हात माझा थांबला होता, खोटं मी बोललो होतो, एवढं सांगून टाकलं. तिने सुई खाली ठेवली. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे पहिली उडी बरोबर होती?"

"अगदी बरोबर."

"कशी होती? सांग ना मेल्या! हॅस्केल गेला, इंजिनवाला गेला. पाहिलेला तूच एक उरलास."

तेव्हा माझे डोळे मिटले होते, हे अगदी ओठावर आलं. पण ती खुर्ची ओढून पुढे सरकली होती.

"केस सुटले होते का रे माझे?"

"सुटले होते," मी म्हणालो. मग आणखीही बरंच सांगितलं. ती मधे मधे थांबवून पुन्हा पुन्हा विचारत होती आणि मी सांगत होतो.