डॉन लुसियोंची निधनवार्ता

पापांचा शेवटचा साधा दिवस एका मयताला गेला. मयत म्हणजे नदीकाठच्या रस्त्यावरचा दिव्याचा खांब.

पापा वस्तीतल्या मुलांना लिहायला शिकवत, आणि शिकवलेलं गावाच्या कॅप्टनवर, म्हणजे निवडून आलेल्या कारभाऱ्यावर, वापरून पाहत. खांबावरचा दिवा वर्षभर बंद होता. कोळंबीच्या कारखान्यातून सुटणाऱ्या मुली त्याच अंधारातून घरी यायच्या. पापांच्या वर्गातल्या ग्लिसेरियाचा तर दोनदा पाठलाग झाला होता. अर्जांना उत्तर नव्हतं.

"अर्ज पुरे," पापा म्हणाले. "निधनवार्ता लिहा."

ग्लिसेरियाने दिव्याला माणसाचं नाव देऊन लिहिली: 'डॉन लुसियो यांचे दीर्घ दुर्लक्षाने निधन. मागे तीन खड्डे आणि एक वळण.' भोंगा लावलेल्या रिक्षाने ती गावभर वाचली.

कॅप्टन कुठलंच मयत चुकवत नसे. मतांचा प्रश्न होता. तो पुष्पचक्र घेऊन आला, त्यावर त्याचंच नाव ठळक. खांबाभोवती मेणबत्त्या, बिस्किटं, कॉफी, पत्त्यांचा डाव, आमच्याकडे मयत जागवताना असतं तसं सगळं रीतसर.

"डॉन लुसियो कुठायत?"

"वर बघा, कॅप्टन."

गाव हसलं, म्हणून तोही हसला. "आठवड्यात दिवा लावतो!"

"सगळ्यांनी ऐकलं हं," ग्लिसेरिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पापा उठलेच नाहीत.

रिक्षा पुन्हा फिरली. आमच्याकडे दफनाआधी बरेच दिवस पेटी घरातच ठेवतात. सगळे आले, कॅप्टन तेवढा आला नाही. "मास्तर मला परत फसवतोय होय?" असं तो बाजारात सांगत होता म्हणे. दिव्याचंही त्याने नाव काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी झापल्यावर तो आला, रिकाम्या हातांनी. शवपेटीवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला, पापा डोळा मिचकावतील म्हणून.

"इनदाय, पोरी," तो मला हळूच म्हणाला, "खरंच गेले गं?"

"खरंच, कॅप्टन."

"मला वाटलं..."

"दिवाही खरंच गेलाय," मागून ग्लिसेरिया म्हणाली. "तेव्हाही तुम्हाला गंमतच वाटली."

पत्ते खेळणारे फिस्सकन हसले. कॅप्टनने अंगणातूनच वायरमनला फोन लावला, आणि इतका ओरडला की मेणबत्ती विझली.

संध्याकाळी कारखाना सुटला. मुली खांबावरच्या दिव्याच्या उजेडातून, कोळंबीच्या वासासकट, थेट आमच्याकडे आल्या. कॉफीसाठी एकच गलका झाला.

आमच्या घरात मनातलं बोलायची पद्धत नव्हती. पुस्तकांवर बोलायचो. मी पेटीपाशी गेले.

"पापा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला तुमचा अभिमान वाटतो."