मुख्याध्यापकांना न मिळालेली किल्ली

मी एक जुने लोखंडी कपाट आहे. माझे डावे दार जरा घासते, म्हणून उघडताना मी कुरकुरते. पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पहिली दहा वर्षे मी शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या सांभाळल्या. मग मुलांच्या मनातले ऐकून घेणाऱ्या समुपदेशक बाई शाळेत आल्या आणि जिन्याजवळच्या त्यांच्या खोलीत माझी रवानगी झाली. माझ्या पोटात आता मुलांच्या फाइली राहू लागल्या. किल्ली फक्त बाईंकडे.

मित्रांनो, असे माणूस मी दुसरे पाहिले नाही. येणाऱ्या प्रत्येकाला बाई आधीच सांगत, "इथलं बोलणं इथंच राहील. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी गप्प बसणार नाही."

आठवीतली एक मुलगी येऊ लागली. वर्गात तिला सगळे 'मौनी' म्हणत. एकदा मुख्याध्यापक आले.

"बाई, मौनीला सहलीला न्यायचं की नाही ते ठरवायचंय. तिची फाइल दाखवा जरा."

"तिला काय मदत लागेल ते तिला विचारून सांगते, सर. फाइल नाही दाखवता येणार."

"अहो, कपाट शाळेचं आहे. किल्ली द्या इकडे."

"कपाट शाळेचंच आहे, सर. आतलं मुलांचं आहे."

सर कपाळाला आठ्या घालून गेले. माझ्या पत्र्यावर मात्र मूठभर मांस चढले.

खरी कसोटी पुढेच होती. एका दुपारी मौनी म्हणाली, "मला जगावंसंच वाटत नाही. आईला सांगू नका."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "हे मी एकटीने ठेवणार नाही, बाळा. आईला बोलावूया. कसं सांगायचं ते आपण दोघी ठरवू."

"तुम्हीही तशाच निघालात," मौनी म्हणाली.

आई येईपर्यंत बाई तिच्या शेजारून हलल्या नाहीत. आई कामावरून धावत आली. सगळे ऐकून ती रागावली नाही. लेकीला कुशीत घेऊन नुसती बसून राहिली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचे उपचार सुरू झाले.

त्यानंतर दोन महिने मौनी खोलीकडे फिरकली नाही. बाई तिची फाइल काढत आणि न उघडताच परत ठेवत. मुलीचा तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला होता.

मग एक दिवस ती दारात उभी राहिली. "माझ्याबद्दल काय लिहिलंय ते बघू?"

बाईंनी फाइल तिच्या हातात दिली.

"'फारसं बोलत नाही'. हे चूक आहे."

बाईंनी पेन पुढे केले. मौनीने ती ओळ खोडली आणि वर लिहिले, 'कुणी ऐकलं तर बोलते.'

"खरंय, माझंच चुकलं," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, कुणी विश्वासाने मनातले सांगितले, तर ते चव्हाट्यावर आणू नका. पण गोष्ट जिवावरची असेल, तर भरवशाच्या मोठ्या माणसाला जरूर सांगा. मैत्री तुटेल या भीतीने गप्प राहू नका. रुसलेले माणूस परत येते. मी ते पाहिले आहे.