विरजणबाबांचं जिवंत मडकं

दर गुरुवारी पालेगावच्या नव्या टॉवरच्या क्लबहाउसात मुंगी शिरायला जागा नसे. बायका आपापली मडकी पोटाशी धरून बसायच्या. समोर विरजणबाबा: शुभ्र लुंगी, कपाळभर गंध, हातात तीर्थाचा तांब्या. एकेक मडकं पुढे येई, बाबा त्यात तीर्थ ओतत आणि बघता बघता दही फसफसून काठावर येई.

"बघा, श्वास घेतंय! कोट्यवधी जीव आहेत आत. तुम्ही त्यांना जपा, ते तुम्हाला जपतील. पण विरजण मेलं," इथे बाबा आवाज खाली आणत, "तर घरातलं एक माणूस घेऊन जाईल!"

मग काय, कोणाची हिंमत?

नीलिमाची तर नव्हतीच. तिकडे रोह्याला तिची आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. रोज फोन, "कधी येतेस गं?" पण बाबांचा नियम कडक: घरच्या सुनेनं मडकं सोडून एक रात्रही बाहेर राहायचं नाही, आणि विरजणाला विस्तव दाखवायचा नाही.

"माझं पोट किती वर्षांनी ताळ्यावर आलंय," सासूबाई, वेणूबाई, काकुळतीला येत. "तू गेलीस आन् मडकं मेलं तर? दिनानाथला काय झालं म्हंजे?"

दिनानाथ पेपरातून डोकं वर न काढता म्हणे, "आईच्या मनाविरुद्ध नको." घ्या! जिवाची भीती ह्याला आणि कोंडून घातलं बायकोला. ओट्यावरचं ते मडकं दिसलं की नीलिमा त्याच्याकडे पाठ फिरवायची.

थंड ताकानं वेणूबाईंना खोकला येई. म्हणून नीलिमा पहिल्या दिवसापासून मडक्यातल्या दह्याचं त्यांचं ताक गुपचूप उकळून, निववून देई. त्या गुरुवारी सकाळी ताक गॅसवर असतानाच आईचा फोन आला. आई नुसती रडत होती. नीलिमाची नजर पातेल्यावर गेली. अगं बाई, हे तर मी रोजच मारतेय! मग घरात कोण मेलं?

तिनं उरलेलं मडकंही पातेल्यात उपडं केलं आणि गॅस मोठा केला. मग वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर वैदेहीला फोन लावून सगळं सांगितलं.

संध्याकाळी निवलेलं दही मडक्यात परत भरून तिनं ते बाबांपुढे ठेवलं. तीर्थ पडलं आणि फस्स! फेस बाबांच्या लुंगीवर सांडला.

"वा ताई! इतकं जिवंत विरजण मी आजवर पाहिलं नाही!"

"महाराज, सकाळी खळाखळा उकळलंय ते. फोडणी तेवढी द्यायची राहिलीय."

बायकांत बसलेली वैदेही उठली आणि तिनं बाबांच्या तांब्यातच लिंबू पिळलं. तीर्थही फसफसलं.

"खाण्याचा सोडा घातलाय पाण्यात. आंबट मिळालं की गॅस सुटतो. ढोकळासुद्धा असाच फुगतो. तो काय श्वास घेतो?"

"श्रद्धेचा अपमान..." असं पुटपुटत बाबा चपला शोधायला लागले.

सुनेबरोबर आलेल्या वेणूबाई गोंधळल्या. "पन माझं पोट?" नीलिमानं रोजच्या उकळण्याचं सांगितलं, तसा त्यांनी तोंडाला पदर लावला. "म्हंजे मी मेलेलं खात व्हते?"

"हो, आणि त्यात वाईट काही नाही," वैदेही म्हणाली. "काही मेलेले जंतूही आतड्याला उपयोगी पडतात, असं संशोधनात दिसलंय. ते मेले तरी त्यांच्या शरीराचे भाग, त्यांनी बनवलेले पदार्थ मागे राहतात. पण कोणता जंतू, किती, कोणत्या दुखण्यावर, हे तपासावं लागतं. तुमचं पोट त्यानं बरं झालं, की बाबांच्या सांगण्यावरून तुम्ही फरसाण सोडलं म्हणून, ते मला माहीत नाही. माहीत नसेल तेव्हा तसं सांगावं. घाबरवू नये."

खालच्या मजल्यावरची तुळशी मात्र मडकं सोडेना. "खरं असेल ओ डॉक्टर, पण माझा नवरा दिवसभर ट्रकवर असतो. त्याला काही झालं तर?" कोणी हसलं नाही. वैदेही तिच्या शेजारी बसली.

"जे भीती घालून घरात बसवतं ते औषध नव्हे, बायांनो. विचारा, तपासा, एकदा उकळून बघा."

घरी आल्यावर नीलिमा दबकत म्हणाली, "आई, उद्या रोह्याला जाऊ का?"

वेणूबाईंनी हातातलं मडकं मोरीत ठेवलं आणि पदर खोचला.

"उद्या कशाला? आत्ताच निघ. हे मी घासते."