वाटी रिकामी परत करत नाहीत

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी दमयंतीबाई बागलांच्या आणि समोरच्या नलिनी कुलथ्यांच्या दारांमधला पॅसेज नऊ फुटांनी वाढला. आधी तो जेमतेम चार पावलांचा, नऊ फुटांचा होता. दुसऱ्या दिवशी आणखी नऊ फूट वाढला, तिसऱ्या दिवशी आणखी नऊ. वाढलेल्या जागेत फरश्या बसलेल्या असत, त्याच जुन्या, पिवळट, ठिपक्याठिपक्यांच्या.

खालच्या मजल्यावरचे शिवदेकर मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी टेप घेऊन वर येत.

"आज एकशे सव्वीस," तेराव्या दिवशी ते म्हणाले. "इमारत बाहेरून तेवढीच आहे. तीही मोजली."

दमयंतीबाईंना याचं नवल वाटलं नव्हतं, राग आला होता. निकाल लागला, तेव्हा नलूनं दारावर झेंडा लावला आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन जिना चढली-उतरली. त्या लोकांना मत देणं म्हणजे घरात साप पाळणं, हे दमयंतीबाईंचं ठाम मत. मग बावीस वर्षं आपण कुणाच्या समोर बसून चहा पीत होतो? त्यांनी दार धाडकन लावून घेतलं. पहिले नऊ फूट वाढले ते तेव्हाच.

अडचण होती ती वाटीची. निकालाच्या सकाळी नलूनं भरलं वांगं आणून दिलं होतं. स्टीलची वाटी, काठावर ठिपक्यांनी नाव कोरलेलं: नलिनी कुलथे. शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत करत नाही. रिकामी दिली तर संबंध तुटले, भरून दिली तर पेढे गोड लागले असा अर्थ निघणार, आणि ठेवून घ्यावी तर चोरी. दमयंतीबाई ती रोज रात्री फडताळात ठेवत आणि रोज सकाळी ती उंबऱ्यावर सापडे.

"ठेवून घ्या," शिवदेकर म्हणाले. "आणि त्यांच्याकडचं काही खाऊ नका. तळमजल्यावरच्या टेलरनं पोहे खाल्ले. आता त्यांच्याच घोषणा देतो."

"कधी?"

"माप घेताना."

"मी वांगं खाल्लंय."

"ते निकालाच्या आधीचं. ते चालतं."

शिवदेकर खाली गेले. दमयंतीबाई न्हाणीघरात गेल्या आणि त्यांनी रिकामी बादली जोरात आपटली. गेल्या श्रावणात त्या इथेच पाय घसरून पडल्या होत्या. तेव्हा बादलीचा आवाज ऐकून नलूच धावत आली होती, सुतार बोलावून तिनं कडी तोडली होती. आता आवाज झाला आणि कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा आपटली. एकशे सव्वीस फुटांवर बादली ऐकू जात नाही. उद्या एकशे पस्तीस होतील. दमयंतीबाई घाबरल्या, आणि नलूची आठवण येतेय हेही त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

दुपारी त्यांनी शेवयांची खीर केली. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी आपल्याच हातची खीर तीनदा चाखून पाहिली. मग वाटी भरली, चमचा घेतला आणि चार वाजता निघाल्या.

मध्यावर पोचल्या, तेव्हा समोरून नलू येताना दिसली. तिच्या हातातही वाटी होती, चमचा होता. वाटीवर कोरलं होतं: दमयंती बागल.

"दमाताई, तुमची वाटी," नलू म्हणाली. "आमच्याकडेच राहिली होती."

"मी कधी दिली?"

"निकालाच्या सकाळी. भरलं वांगं होतं."

"वांगं तू आणलं होतंस."

"नाही हो, तुमच्या हातचं होतं. संध्याकाळी तुम्ही दार आपटलंत. तेरा दिवस वाटी रोज उंबऱ्यावर येतेय. आमचे हे म्हणतात, ठेवून घे. तुमच्याकडचं खाल्लं की..."

"काय?"

"तुमच्यासारखं बोलायला लागतो माणूस."

दमयंतीबाईंनी नलूच्या वाटीत डोकावून पाहिलं. शेवयांचीच खीर, वर तेवढेच बेदाणे. नलूही यांच्या वाटीत बघत होती. बेदाणे मोजत असावी.

"आधी तुम्ही खा," नलू म्हणाली.

"आधी तू."

दोघी उभ्या राहिल्या. दोन्ही वाट्यांमधून वाफ निघत होती आणि खीर निवत नव्हती. मागे वळून पाहिलं तर दोघींचीही दारं दिसत नव्हती. तेवढ्यात दोघींच्या पायांच्या मधोमध एक फरशी आली. पिवळट, ठिपक्यांची. तिच्या मागून दुसरी.

"नलू, बादलीचा आवाज आला होता का गं सकाळी?"

"आला होता. दोनदा. मी कडीला हात लावून उभी होते."

दमयंतीबाईंनी चमचा भरला आणि पुढे केला. तिसरी फरशी आली, हात तेवढा लांबला. चौथी आली, हात आणखी लांबला. कोपर आता कुठे आहे ते त्यांना कळेना. चमचा हलू न देता त्या उभ्या राहिल्या. पार तिकडे, फरश्यांच्या टोकाला, नलूनं तोंड उघडलं होतं. घास घ्यायला की घोषणा द्यायला, ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.