दीड मिलीमीटर

माझ्या मेव्हण्याला घरात सगळे मिलीमीटर म्हणतात. हे नाव मी ठेवलं असा त्याला संशय आहे, आणि तो खरा आहे. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून छोट्या मोटारी बनवणं हा त्याचा तीस वर्षांचा नाद. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, तळहातापेक्षा जरा मोठी गाडी. पण बॉनेट उघडलं की आत इंजिन, इंजिनावर पट्टा आणि पट्ट्यावर झिजल्याची खूणसुद्धा. एकदा एका अग्निशामक गाडीचा लाल रंग त्याने तीनदा खरवडून काढला होता, कारण तो लाल त्याला 'जरा आनंदी' वाटत होता. पोटापाण्यासाठी तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. सव्वीस वर्षांत त्याने अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला जपून चालायला.

पाच आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, चौकात वळताना त्याच्या स्कूलच्या गाडीने एका सायकलला धडक दिली; चालवत तो स्वतःच होता. सायकलवर शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांचा खुबा मोडला. त्या चालतील, पण हातातली काठी आता सुटायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाडी पुढे जाऊन दिव्याच्या खांबावर आपटली आणि आठवड्याभरात भंगारात गेली.

मिलीमीटरचं म्हणणं एकच होतं. मी बघितलं, रस्ता मोकळा होता. समोरच्या काचेच्या कडेला छप्पर तोलून धरणारा जो खांब असतो, त्याच्या आड सायकल गेली असणार. चौकशी समितीतल्या तिघांनी हे शांतपणे ऐकलं, कागदावर 'खांब' असा शब्द लिहिला आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. निकाल सोमवारी होता. लायसन्स गेलं तर छप्पन्नाव्या वर्षी हा काय करणार, या काळजीने माझ्या बायकोची, म्हणजे त्याच्या ताईची, झोप उडाली होती. त्याची स्वतःची झोप दुसऱ्याच गोष्टीने उडाली होती. एकदा मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "भाऊजी, मी बघितलं होतं ना?" जसा काही मी मागच्या सीटवर बसलो होतो.

मग त्याने माळ्यावरून एक खोका काढला. त्याच गाडीच्या सुट्या भागांचा संच. तो बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता, म्हणून हा शेवटचा संच त्याने नऊ वर्षं न उघडता ठेवला होता. लोक मुलीच्या लग्नाचे दागिने ठेवतात तसा. तो आता फोडायचा, गाडी उभी करायची, चालकाच्या जागी डोळा लावायला भोक ठेवायचं आणि समितीला दाखवायचं, की साहेब, इथून बघा, सायकल दिसते का.

चार आठवडे तो टेबलापासून जेमतेमच उठला. चिमटा, ब्लेड, कानस, पॉलिश पेपर आणि एका दाताच्या डॉक्टरने टाकून दिलेली आकडी, एवढ्या हत्यारांवर ती गाडी उभी राहिली. तिच्या मागच्या काचेवर शिकाऊचं लाल अक्षर होतं. पायाखालच्या चटईला शिकाऊ मंडळींनी क्लचजवळ घासून पाडलेलं भोक होतं. स्टिअरिंगवर, जिथे त्याची बोटं सव्वीस वर्षं टेकत आली तिथे, रंग किंचित उडवलेला होता. बायकोने ते बघितलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

फक्त सायकलवरची बाई तशीच राहिली होती. रंग देण्याआधीच्या अस्तराच्या करड्या थरात, ना चेहरा ना कपडे. ज्या माणसाने पंख्याच्या पात्यालाही दोन रंग दिले त्याने बाईला एकही देऊ नये, हे मला खटकलं. मी तसं विचारलं. तो म्हणाला, "रंग माहीत नाही."

रविवारी दुपारी त्याने आम्हाला बोलावलं. टेबलावर खडूने चौक आखला होता. गाडी एका टोकाला, सायकल चाळीस सेंटीमीटरवर. मी वाकून भोकाला डोळा लावला. समोर रस्ता होता, कडेला खांब होता, आणि सायकल नव्हती. डोळा काढला की होती. पुन्हा लावला की नव्हती. बायकोनेही बघितलं, दोनदा बघितलं, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा ती हसली. म्हणाली की आता चहा करते, आणि सोमवारी समितीलाही थर्मास भरून पाठवते.

मिलीमीटर हसला नाही. तो खुर्चीत बसून गुडघ्यावरची प्लॅस्टिकची धूळ झटकत होता.

"खांब जाड आहे," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. साच्यात प्लॅस्टिक नीट वाहावं म्हणून कारखानेवाले असले बारीक भाग जरा जाडच ओततात. हा नाद असलेला कुठलाही माणूस संच उघडला की आधी खांब घासून मापात आणतो. खऱ्या खांबाचं माप त्याच्या वहीत होतं, कारण कधीकाळी स्कूलच्या गाडीला पट्टी लावून त्याने ते मोजून ठेवलं होतं: चौऱ्याऐंशी मिलीमीटर. चोविसाव्या हिश्शाने साडेतीन. टेबलावरचा खांब होता पाच.

"चाळीस गाड्या केल्यास तू," बायको म्हणाली. "एवढाच खांब घासायचा राहिला, की ठेवलास?"

त्याने गुडघ्यावरची धूळ पुन्हा झटकली. ताईला त्याची लहानपणापासूनची सगळी उत्तरं पाठ होती, त्यात हेही होतं.

मी माझ्या परीने समजूत घातली. म्हटलं, समितीच्या अध्यक्षांना बंपर आणि बॉनेट यांतला फरक सांगायला तुला मागच्या वेळी पाऊण तास लागला, ते कशाला कानाकोपऱ्याची मापं घेतात. खरा खांब भंगारात वितळला. दीड मिलीमीटर कुणाच्या बापाला दिसणार? तो म्हणाला, "मला." बायकोने वाद घातला नाही. तिने टेबलावरच्या कानशी, पॉलिश पेपर, ब्लेड, ती डॉक्टरची आकडीसुद्धा गोळा केली आणि आमच्या घरी आणून पिठाच्या डब्यामागे ठेवली. जाताना त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मिल्या, हात लावायचा नाही. माझी शपथ आहे." तो बरं म्हणाला.

सोमवारी मी बुटांच्या खोक्यात ती गाडी घेऊन त्याच्याबरोबर गेलो. बाकावर बसल्या बसल्या खोक्यात डोकावलो तर समोरची काच बसवलेलीच नव्हती. कापसात गुंडाळून बाजूला ठेवली होती. काच सगळ्यात शेवटी बसवतात हे मला माहीत होतं. शेवट अजून झाला नाही असं त्याला वाटत होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

समितीपुढे त्याने टेबलावर खडूने खुणा करून गाडी आणि सायकल मांडली, आणि सगळं छान पार पडलं. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवून भोकाला डोळा लावला आणि म्हणाले, "खरंच की. बाई गायब." दुसऱ्या सभासदाने बघितलं, मग कारकुनानेही, त्याचं काम नसताना, बघितलं. कारकुनाने कागद पुढे ओढला. अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "हुबेहूब बनवलीय हो तुम्ही."

इथे मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. त्याने स्वतःचा पाय काढून घेतला.

"हुबेहूब नाही," मिलीमीटर म्हणाला. "खांब दीड मिलीमीटर जास्त आहे."

अध्यक्ष मोठ्या मनाचे होते. आमच्या खात्यात मीटरभर इकडेतिकडे चालतं, असं ते म्हणाले. मिलीमीटर म्हणाला, साहेब, चोवीसने गुणा. अध्यक्षांनी कारकुनाकडे बघितलं. कारकून म्हणाला, छत्तीस.

मग मेव्हण्याने खिशातून नखं घासायची छोटी कानस काढली. ती माझ्या बायकोची होती आणि बायको आदल्या संध्याकाळपासून ती शोधत होती.

बारा मिनिटं तो घासत होता. समितीच्या हिरव्या टेबलक्लॉथवर पांढरा भुगा पडत होता. मधेच तो थांबायचा, माप लावायचा, फुंकर मारायचा, पुन्हा घासायचा. सरकारी टेबलाशी एवढं मन लावून झालेलं काम त्या तिघांनी पूर्वी बघितलं नसावं. कुणी त्याला थांबवलं नाही. शेवटी माप तीनदा जुळल्यावर त्याने गाडी खडूच्या खुणेवर ठेवली, सायकल पट्टीने मोजून चाळीस सेंटीमीटरवर ठेवली आणि स्वतः वाकला.

तो फार वेळ वाकून होता.

"हात दिसतोय," तो म्हणाला. "हँडलवरचा." आणि थोड्या वेळाने, "मागची पिशवीपण."

अध्यक्षांनी शेवटचा प्रयत्न केला. तोंडावर ऊन आलं असेल, त्यांनी सुचवलं. तसं असेल तर तसं लिहिता येईल. कारकुनाने पेन उचललं.

"ऊन पाठीमागून होतं," मिलीमीटर म्हणाला. "मी बघितलंच नाही, साहेब. बघितलं असं मला वाटत होतं."

कारकुनाने पहिला कागद फाडला, सुस्कारा टाकला आणि दुसरा घेतला.

परतताना तो मांडीवर खोका घेऊन बसला होता. मी दोनतीन विनोद केले. ते माझ्यासाठीच होते, आणि तेही चांगले नव्हते.

बायको त्याच्या दारातच उभी होती. त्याने तिला तिची कानस परत दिली. तेवढ्यावर तिला सगळं समजलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त त्या कानशीवरचा पांढरा भुगा पदराने पुसला, पुन्हा पुन्हा पुसला, तो गेल्यावरही पुसत राहिली.

मिलीमीटर टेबलाशी बसला. काच कापसातून काढून त्याने जागेवर बसवली. मग सायकल समोर घेतली, ओळीने ठेवलेल्या बाटल्यांवरून बोट फिरवत नेलं आणि एक बाटली न चुकता उचलली. झाकण उघडलं. आत पिवळा होता, सूर्यफुलासारखा भडक.

"रंग माहीत नव्हता ना तुला?" मी म्हटलं.

"पिवळी ओढणी, पिवळा कुडता," तो म्हणाला. "त्या पडल्यावर दिसला. पार रस्त्याच्या टोकावरून दिसेल असा."

त्याने सगळ्यात बारीक ब्रश घेतला, टोक ओठांनी टोकदार केलं आणि बाईच्या खांद्यापासून सुरुवात केली. त्याचा हात जरासुद्धा हलत नव्हता. हलला असता तर मला बरं वाटलं असतं.