ताजी शिवण

शिलाईवालीला शिवणीतलं सगळं कळायचं, आणि तेच तिच्या लेकीच्या मुळावर आलं.

लेक चिमी खिडकीजवळच्या कॉटवर पडून होती. ऑपरेशन झालं होतं. लघवीसाठी नळी लावली होती आणि तिची पिशवी कॉटच्या कडेला टांगली होती. सिस्टरने सकाळीच पाण्याची भली मोठी बाटली आणून ठेवली. "मावशी, दुपारपर्यंत ही हिच्या पोटात गेली पाहिजे. मग दुसरी देते." शिलाईवालीने मान डोलावली, आणि सिस्टरची पाठ वळताच दोन ग्लास स्वतःच पिऊन टाकले.

वेडी नव्हती ती. उभा जन्म तिने शाळेचे गणवेश शिवले होते. ताज्या शिवणीला ताण द्यायचा नसतो, एवढं कुणीही सांगेल. इथे तर डॉक्टरबाईंनी पोरीच्या मूत्राशयाला टाके घातले होते, आणि वर बाटलीच्या बाटली रिचवायला सांगत होत्या. शिकलेल्या बाईला शिवणीतलं काय कळतंय, असं तिचं मत झालं. तोंडावर बोलायची मात्र छाती नव्हती. ओतून टाकलं तर कुणी बघेल, म्हणून ती पीत राहिली.

पाणी तोडायची तर दोघींना जुनी सवय. चिमीचं बाळंतपण अडलं तेव्हा सासरची सुईण "पहिलटकरीण आहे, वेळ लागायचाच" म्हणत बसली. दिवस उलटले, पोर कळा देऊन देऊन अर्धमेली झाली. गाडी मिळेपर्यंत बाळ गेलं होतं. पुढे लघवी गळायला लागली ती थांबेचना. सासरच्यांनी वास येतो म्हणून तिला माहेरी आणून टाकली, जावयाने दुसरी केली. आईने जुन्या कापडाच्या घड्या शिवून दिल्या, गादीवर मेणकापड घातलं, आणि एक उपाय शोधला. प्यायचंच नाही, म्हणजे गळेल कुठून? चिमी ओठ फुटेपर्यंत तहान मारायची. लघवी जळजळीत व्हायची, मांड्या सोलवटून निघायच्या, पण गळती कमी दिसायची. त्यालाच दोघी गुण आला म्हणायच्या.

खरं कारण कळलं ते इथे आल्यावर. "बाळाचं डोकं हाडांत अडकून राहिलं," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "मधली जागा दबून दबून मेली आणि मूत्राशयाला भोक पडलं. शाप नाही, हिचा दोष नाही. वेळेवर पोटातून मूल काढलं असतं तर हे झालंच नसतं." शिलाईवालीला तेव्हा रडू नाही, राग आला. इतकी वर्षं हे कुणालाच कसं ठाऊक नव्हतं?

"आई, घोटभर तरी दे," चिमी म्हणाली.

"कळ काढ गं. टाके बसू देत."

सिस्टर येता-जाता बघत होती. "मावशी, सारख्या संडासाकडे पळताय. साखर आहे का तुम्हाला? उद्या रक्त तपासू."

"साखर कसली, वय झालं," शिलाईवाली म्हणाली. शेजारच्या कॉटवरची बाई तोंडावर पदर धरून हसली.

दुपारी नळीतून थेंब येईनासा झाला. शिलाईवाली अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली. "गळायचं थांबलं गं चिमे! बघ, पिशवीत काहीच नाही."

"आई, पोट फुगलंय. फुटेल असं वाटतंय."

आईने पांघरूण बाजूला केलं. चादरीवर ओल पसरत होती.

सिस्टर धावत आली. तिने नळीत सिरिंजने पाणी मारलं, गढूळ गाळ बाहेर आला आणि मग चहासारखी काळपट लघवी. "नळी तुंबलेली. लघवी इतकी दाट कशी? पाणी पाजलंत ना?" तिने रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, मग शिलाईवालीकडे. सकाळपासूनच्या फेऱ्या तिच्या लक्षात आल्या. "कुणाच्या पोटात गेलं पाणी, मावशी?"

"टाक्यांवर ताण नको म्हणून."

"ताण आता आला," सिस्टर हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "पाणी जात राहिलं की नळी वाहती राहते आणि मूत्राशय रिकामं. नळी तुंबली की ते फुगतं, टाके ओढले जातात."

"उसवले का?"

"ते नळी काढल्यावरच कळेल."

चिमी सगळं ऐकत होती. "तू म्हणालीस म्हणून एवढी वर्षं तहानलेली राहिले," ती आईला म्हणाली. "आता बाटली इकडे दे." नवी बाटली तिने तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं तरी ती थांबली नाही. शिलाईवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर आई ग्लास भरून द्यायची आणि चिमी न बोलता प्यायची. "पूस," "सरक," एवढंच बोलणं उरलं. नळी निघायचा दिवस आला, तशी शिलाईवालीची अन्नावरची वासनाच उडाली. आपल्या हाताने पोरीचं वाटोळं केलं, हे तिच्या डोक्यातून जाईना.

नळी निघाली. सिस्टर चिमीला म्हणाली, "पोट भरल्यासारखं वाटलं की सांग." शिलाईवाली स्टुलावर बसून राहिली. रोज उठून चिमीच्या अंथरुणाखाली हात घालून बघणारी बाई ती. आज चादरीला बोट लावायचा तिला धीर होईना.

बऱ्याच वेळाने चिमीने हाक मारली. "आई."

"तहान लागली?" ती ग्लासाकडे धावली.

"तहान नाही. मला लागलीय. लघवीला."

शिलाईवालीने ग्लास खाली ठेवला. "थोपवता येतेय?"

"येतेय. पण लवकर चल."

चिमीने त्या दुपारनंतर पहिल्यांदाच आईचा दंड धरला. मांड्या आवळून, पाऊल पाऊल टाकत ती निघाली. आई दर पावलाला मान वळवून मागच्या फरशीवर नजर टाकत होती.

"मागे काय बघतेस? दार उघड आधी."

दार लागलं. शिलाईवालीने लाजलज्जा सोडून त्याला कान लावला. आत काहीच ऐकू येईना. मग धार सुरू झाली, बराच वेळ वाजत राहिली, आणि थांबली.