बारा नंबरचा आवाज

कीबोर्डच्या छोट्या काचेवर आकडे चढत होते. आठ, नऊ, दहा, अकरा. मग आकडा थांबला आणि लाल दिवा लुकलुकायला लागला.

"काय झालं?" मास्तरने विचारलं. मास्तर म्हणजे आमचा गायक. बँडच्या आधी शिकवणीत गणित शिकवायचा. अजूनही कुणी चुकलं की फळ्यासमोर उभं केल्यासारखा बघतो.

"बारा नंबर येत नाहीये," मी म्हणाले.

स्टुडिओतून थेट कार्यक्रम सुरू व्हायला पन्नास मिनिटं होती. आमचं एकुलतं एक गाजलेलं गाणं सुरू होतं तेच बारा नंबरच्या आवाजाने. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, त्याच्या मशीनच्या खडखडाटावर ठेका धरत आम्ही ते बसवलं होतं. पहिली रेकॉर्ड त्या गाण्यावर खपली. दुसरी कुणी ऐकली असेल, तर त्याने अजून तसं कळवलेलं नाही. आज वरच्या काचेमागे कंपनीचा माणूस बसणार होता. त्याला पटलं तर तिसरी रेकॉर्ड आणि दौरा. नाही पटलं तर मास्तर परत शिकवणीत.

आणि बाहेर बाकावर डोळ्यांपर्यंत केस कापलेली, कीबोर्ड वाजवणारी एक मुलगी बसली होती. मास्तरने तिला 'नुसतं बघायला' बोलावलं होतं. "बाळ झाल्यापासून तुझं लक्ष नसतं," तो सकाळीच मला म्हणाला होता. "आज काही चुकलं तर दौऱ्याला ती येईल. राग मानू नकोस."

येताना वाटेत कीबोर्डच्या आतली बॅटरी संपली आणि मी बनवलेले सगळे आवाज पुसले गेले. एरवी यात घाबरण्यासारखं काही नाही. सगळे आवाज एका कॅसेटवर उतरवलेले आहेत; ती लावली की कीबोर्ड एकेक आवाज परत शिकतो. माणसाच्या कानाला मात्र ती नुसती किंचाळते. आम्ही तिला 'भांडण' म्हणतो. दुसरी प्रत करायचं दोन वर्षं चाललं होतं.

"भांडण कुणाच्या ताब्यात असतं?" मास्तरने ड्रमकडे वळून विचारलं.

"माझ्या," माझा दीर म्हणाला. तो आमचा ड्रमर, बँडमध्ये त्याला ठोक्या म्हणतात.

पण गेले पंधरा दिवस भांडण माझ्या घरी होतं. माझी सहा महिन्यांची लेक कशाने म्हणता कशानेही झोपत नव्हती, आणि एकदा चुकून ती किंचाळी लागली तर पाच मिनिटांत गाढ झोपली. मग रोजच लावायला लागले. काल कॅसेट दिराच्या पिशवीत परत टाकली, ऐकून न बघता.

मी हेडफोन लावून कॅसेट पुढे नेली. किंचाळी, किंचाळी, आणि मग एकदम सासूबाई.

"बिघडलीय गं बाई ही, नुसती किरकिरते. लेकराच्या कानात खिळे ठोकतात मेले. थांब, आजी चांगलं काहीतरी भरून ठेवते हं." त्यापुढे अंगाई, मधे खोकला, परत अंगाई.

कॅसेटच्या माथ्यावर प्लास्टिकची एक इवलीशी पट्टी असते. ती मोडली की वर दुसरं काही भरता येत नाही. मोडायचं काम माझं होतं. दोन वर्षांपूर्वीच.

दिराने माझा चेहरा पाहिला आणि हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. त्याचे ओठ नुसते हलले. आई?

"माझी चूक," तो लगेच मास्तरला म्हणाला. "गाडीत उन्हात राहिली."

"अरे गाढवा—"

"नाही," मी म्हणाले. "कॅसेट माझ्याकडे होती."

"वहिनी, तू गप्प बस ना!"

"माझ्याकडे होती, मास्तर. पट्टी मी मोडली नव्हती. सासूबाईंनी वर अंगाई भरलीय."

मास्तर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने दार उघडलं आणि त्या मुलीला म्हणाला, "आत ये. बाजूला उभी राहा."

चाळीस मिनिटं. तीसएक बटणं. तो आवाज मीच बनवला होता, पण कोणतं बटण कुठे होतं ते कुणाला आठवतंय? डोळे मिटून शोधत गेले. गाभा सापडला. वरची चकाकी सापडली. एकच गोष्ट काही केल्या जमेना. कीबोर्डची पट्टी दाबली की आवाज अर्धा ठोका उशिरा वर यायचा, गादीवरून उठायचा कंटाळा आल्यासारखा.

"तीस सेकंद," काचेमागून कुणीतरी म्हणालं.

मास्तरच्या मानेवरची शीर मला दिसत होती. दिराने काठ्या उचलल्या. मी कुणाकडे बघितलं नाही. लेक रडण्याआधी तिचा खालचा ओठ वाकतो. तेवढ्यात उचललं तर रडणं येतच नाही. तसंच केलं. प्रत्येक ठोक्याच्या अर्धा ठोका आधी दाबलं. बोटं एक वाजवत होती, कान दुसरं ऐकत होते. एकदा जरी कानावर विश्वास टाकला असता तर सगळा विचका झाला असता. दुसऱ्या कडव्यात मास्तरने एकदा मागे वळून बघितलं.

गाणं संपल्यावर कंपनीचा माणूस स्वतः खाली आला. "सुरुवातीचे सूर असे लांबून चालत आल्यासारखे येतात, ते रेकॉर्डवर नव्हतं," तो म्हणाला. "तिसऱ्या रेकॉर्डवर मला ते हवंय."

तो गेल्यावर मास्तरने त्या मुलीला खूण केली. "वाजव बघू." ती चांगली वाजवते, माझ्यापेक्षा सफाईने. पण दिराने ठेका धरला आणि तिचा प्रत्येक सूर मागे पडला. तीनदा.

"हा कीबोर्ड उशिरा वाजतो," ती वैतागली.

"तो वेळेवर वाजतो," दीर म्हणाला. "तूच उशिरा दाबतेस."

मास्तर मला म्हणाला, "आहे तसाच नव्या कॅसेटवर उतरव. आत्ता. माझ्यासमोर."

"आणि दौरा?"

"गाडी मोठी लागेल. आजींना सोडून राहील का तुझी पोर?"

"नाही राहणार."

"मग आजींना सांग, कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही."

नवी कॅसेट किंचाळत भरली. त्याच्यासमोरच मी नखाने तिची पट्टी मोडली. मग सासूबाईंच्या अंगाईची जुनी हातात घेतली, आणि तिचीही मोडली.